मृत्युपत्रांतून सापडलेले पूर्वज

मृत खातेदाराच्या ठेवीवर कोणी वारसहक्क सांगितला, तर बँकेत नुसते नाव व आडनाव जुळून भागत नाही. नाते सिद्ध करणारा कागद लागतो. पूर्वजांच्या शोधालाही हीच कसोटी लागू पडते. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याचा शोध हे तिचे बोलके उदाहरण आहे.

जॉर्ज यांचे पणजोबा जॉन हे 1656-57 च्या सुमारास इंग्लंडहून व्हर्जिनिया वसाहतीत आले. पुढे त्यांचे बंधू लॉरेन्सही तेथे स्थायिक झाले. हे दोघे मूळचे कोणाचे पुत्र, हे मात्र विस्मृतीत गेले. 1791 मध्ये इंग्लंडच्या राजदरबारातील वंशावळींचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी हा प्रश्न हाती घेतला. सल्ग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टन घराण्यात जॉन आणि लॉरेन्स नावाचे सख्खे भाऊ होते. तेच समुद्रापार गेले, असे त्यांनी मानले. त्यांतील जॉन हे ‘सर’ किताबाचे मानकरी. असा पूर्वज कोणाला नको असेल? स्वतः जॉर्ज यांनी मात्र, आपण या विषयाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असे 1792 मध्ये हर्ड यांना कळविले.

ही वंशावळ सुमारे 70 वर्षे प्रमाण मानली गेली. पुढे जोसेफ चेस्टर या अमेरिकन संशोधकाने 1866 मध्ये तिच्यातील विसंगती दाखवून दिली. सर जॉन यांचे आयुष्य इंग्लंडमध्येच गेले होते, आणि व्हर्जिनियाच्या जॉन यांचे 1675 चे मृत्युपत्र तर वेगळ्याच कुटुंबाची साक्ष देत होते. त्यात त्यांनी आपली बहीण मार्था हिला इंग्लंडमधील रकमेतून 10 पौंड दिले, तिच्या जहाजप्रवासाचे येणे माफ केले आणि वर 4000 पौंड वजनाची तंबाखू दिली. व्हर्जिनियात त्या काळी तंबाखू हेच चलन होते.

जॉन, लॉरेन्स आणि मार्था ही भावंडे एकाच घरात कोठे सापडतात, या प्रश्नाचे उत्तर लंडनच्या दप्तरांत हजारो मृत्युपत्रे वाचणाऱ्या हेन्री वॉटर्स यांनी 1889 मध्ये प्रसिद्ध केले. ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग यांनी आपल्या मृत्युपत्रात सावत्र कन्या अ‍ॅम्फिलिस वॉशिंग्टन व तिच्या मुलांची नावे लिहिली होती. त्यांत ही तिन्ही नावे होती. अ‍ॅम्फिलिसच्या मृत्यूनंतर तिच्या मिळकतीचा कारभार पाहण्याचा अधिकार न्यायालयाने तिचा पुत्र जॉन यास दिल्याची नोंदही मिळाली. तिच्यावर फेब्रुवारी 1655 असे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला बदलत असे. म्हणून आपल्या गणनेने ते 1656 होय. जॉन यांच्या प्रस्थानाशी हा काळ चपखल जुळतो.

अ‍ॅम्फिलिसचे पती लॉरेन्स हे पर्ली येथील धर्मोपदेशक होते. गृहयुद्धाच्या काळात, 1643 मध्ये, मद्यगृहांत वावरल्याचा आरोप ठेवून त्यांना पदावरून दूर करण्यात आले. हर्ड यांनी ज्या लॉरेन्सना व्हर्जिनियात पाठविले होते, ते हेच! प्रत्यक्षात ते देशांतर करणाऱ्या दोघा भावांचे पिता, आणि सर जॉन त्यांचे चुलते.

किताबधारी पूर्वज गेला, पदच्युत धर्मोपदेशक आणि त्याची विधवा पत्नी पुढे आली. यात घराण्याचे काही उणे झाले काय? उलट, विपन्नावस्थेतून समुद्र ओलांडणाऱ्या पुत्रांचे धैर्य यामुळेच कळून आले. मानाच्या नावापेक्षा बहिणीला माफ केलेले येणे अधिक भरवशाचा पुरावा ठरले.

आपल्या घरांतील जुन्या वह्या, वाटणीपत्रे आणि मृत्युपत्रे रद्दीत देण्यापूर्वी एकदा वाचावीत. कोणी, कोणास, कोणत्या नात्याने आणि केव्हा दिले, हे टिपून ठेवावे. अप्रिय नोंद आढळल्यास तीही वगळू नये. कदाचित पुढचा दुवा तिच्यातच दडलेला असेल.