गाडीला ताप चढतो तो केव्हा?

वैशाखात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दारातल्या जुन्या गाडीचाही पारा चढू लागतो. जालना रोडवर सिग्नलला थांबलं, की काटा लाल रेघेकडे सरकतो. मग बाटलीभर पाणी ओतायचं, जरा थांबायचं आणि पुन्हा निघायचं. असे पंधरा-वीस दिवस निभावले जातात, आणि एके दिवशी गॅरेजवाला सांगतो, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." महिन्याचा सगळा हिशेब तिथंच कोलमडतो.

मैत्रिणींनो, मुलाला ताप आला तर डॉक्टर आधी काय विचारतात? ताप केव्हा चढतो, किती वेळ राहतो, आणखी काही होतंय का? गाडीच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारावेत. इंजिन तापणं हा आजार नव्हे, ते लक्षण आहे.

आधी आतली व्यवस्था पाहू. इंजिनाभोवती पाणी सतत फिरत असतं. ते फिरवतो वॉटर पंप. गॅरेजमध्ये त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. तापलेलं पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने निवतं आणि खालच्या नळीतून परत जातं. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन साधारण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापलं, की ती उघडते. रेडिएटरचं झाकण मात्र थेट आपल्या कुकरसारखं! आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचावर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाच्या दाबाखाली तेच पाणी ११५ अंशांच्याही पुढे तग धरतं. झाकणाचं रबर कुकरच्या रिंगसारखं सैल पडलं, की पाणी लवकर उकळून बाहेर येतं. म्हणून पहिला संशय या स्वस्त झाकणावर घ्यावा.

आता ताप 'केव्हा' चढतो ते पाहा.

गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्यावर निवते : दोष बहुधा पंख्याचा. पद्मिनी आणि अँबॅसडरचा पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा सैल किंवा चिरलेला आहे का ते पाहावं. १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. तिथे आधी फ्यूज, मग वायर आणि स्विच तपासून घ्यावा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, बरं का! पदर, ओढणी, वेणी दूरच ठेवा.

गावात ठीक, पण खुलताबादच्या किंवा कन्नडच्या घाटात तापते : रेडिएटर चोंदलेला असावा, बाहेरून धूळ-किड्यांनी, नाहीतर आतून गंज आणि क्षारांनी. वॉटर पंप थकल्यावरही असंच होतं.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते : पाणी पुरेसं असूनही वरची नळी कढत आणि खालची गारच असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असण्याचा संभव आहे. तो मेकॅनिककडून काढून घेऊन, दोऱ्याला बांधून, जुन्या पातेल्यात पाण्यासोबत तापवून पाहता येतो. पाणी उकळेपर्यंत उघडला नाही, तर नवा घालावा. "आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच काय?" असं म्हणून तो कायमचा काढून टाकू देऊ नका. इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि झीजही वाढते.

पाणी रोज कमी होतं, पण गळती दिसत नाही : इथे मात्र चालढकल नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस, गाडी तापल्यावरही मागून पांढरा धूर, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणं. गाडी चालवत राहिलात, तर हेड वाकतं आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण सोडा (उकडेल, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडेल) आणि कडेला थांबून इंजिन बंद करा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं कढत पाणी कारंज्यासारखं उसळतं. तोंड आणि हात भाजतात. इंजिन पूर्ण निवल्यावर जाड फडकं ठेवून झाकण हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

आणि पाणी कोणतं घालायचं? बोअरचं किंवा टँकरचं नको. ज्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरे थर बसतात, त्यानेच रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर साधारण निम्मं-निम्मं घालावं. कूलंट मात्र विषारी असतं, आणि चवीला गोड! मुलं आणि मांजर-कुत्री यांच्यापासून दूर, कुलपात ठेवा. सरबताच्या जुन्या बाटलीत तर कधीच भरू नका.

शेवटी एक घरगुती युक्ती. दुधाचे खाडे मांडतो तशी गाडीचीही एक वही ठेवा : तारीख, किलोमीटर, किती पाणी घातलं, कुठे आणि केव्हा तापली. गॅरेजमध्ये "गाडी गरम होते" एवढंच न सांगता "सिग्नलला तापते, घाटात नाही, महिन्यात पाणी घालावं लागलं नाही" असं सांगा. मग पंख्याच्या फ्यूजसाठी कुणी तुमचं इंजिन खोलायला निघणार नाही; आणि निघालाच, तर "का?" असं विचारायला तुमच्या हाती वही असेल.