हळीव, अळीव की अहाळीव? : एका बीची नावे आणि तिचा तिखट पाला



'बीपासून रोप' हा घटक शिकवताना आपण मूग, मटकी घेतो. यंदा हळीव घेऊन बघा. राजापुरात काय किंवा एकूण कोकणात काय, बाळंतिणीला ओलं खोबरं नि गूळ घालून लाडू देतात, तीच ही तांबूस बी.

नाव कोणतं बरोबर?
कुणाच्या घरी हळीव म्हणतात, कुणाच्या घरी अळीव, कुठे अहाळीव. तिन्ही मराठीच. मुलाने वहीत घरचा शब्द लिहिला तर त्यावर लाल रेघ मारू नये. रेघ मारली की मुलाला वाटतं, आपली आजीच चुकीचं बोलते! शिकवायचंच तर शुद्धलेखनाचा नियम शिकवा: गरीब-गरिबाचा, तसं हळीव-हळिवाचा. मात्र अळीव म्हणजे अळू नव्हे आणि अळशीही नव्हे, हे जरूर सांगा. संस्कृतात याला चंद्रशूर म्हणतात. मेथी, ओवा यांच्यासोबत आयुर्वेदातल्या 'चतुर्बीजां'त त्याची गणना होते. इंग्रजीत नाव गार्डन क्रेस.

पाला तिखट का?
आपण बी खातो, तर युरोपात याचा कोवळा पाला सॅलडमध्ये कच्चा खातात. हळीव मोहरीच्या कुळातला. पान चावलं की पेशी फुटतात, आतले घटक एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होतं. मोहरी फेसल्यावर नाकात झिणझिण्या येतात ना, त्याच जातीचा हा तिखटपणा. मिरचीचा तिखटपणा वेगळ्या द्रव्यामुळे असतो.

वर्गात करून बघा
१. चमचाभर हळीव वाटीभर पाण्यात टाका. थोड्या वेळात प्रत्येक बीभोवती बुळबुळीत थर येतो.
२. ताटलीत ओला कापूस पसरून त्यावर कोरडे हळीव विरळ पेरा. रोज पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत मोड येतात, आठ-दहा दिवसांत हिरवा पाला.
३. भिंगातून बीजपत्रं पाहा. मुगाशी तुलना करा. हळिवाच्या प्रत्येक बीजपत्राला तीन भाग दिसतील.
४. पाला धुऊन एकेक पान चाखा.

शेवटी मुलांना सांगा, "घरी विचारून या, तुमच्याकडे याला काय म्हणतात?" आलेली सगळी नावं फळ्यावर लिहा. विज्ञानाच्या तासाला भाषेचा तास आपोआप जोडला जाईल.