जर्मनची होडी

डिसेंबर २०२१ मधल्या एका रविवारी आम्ही होडी गोठ्यातून बाहेर काढली. त्याआधी अकरा वर्षं ती गव्हाण होती. मुळशी धरणाच्या काठावरच्या आमच्या गावात, काकांच्या गोठ्यात विटांवर टेकवलेल्या त्या बारा फुटी होडीत दोन म्हशींना वैरण पडायची, आणि घराचं बांधकाम निघालं त्या वर्षी तिच्यातच सिमेंट कालवलं गेलं. काकांनी ती मुंबईहून आलेल्या जुन्या सामानात वजनावर घेतली होती. नाळेजवळची कंपनीची पट्टी कधीच गळून पडली होती, तिच्या चार रिवेटांची भोकं तेवढी राहिली होती. गावात तिला कुणी ॲल्युमिनियमची म्हणत नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आमच्याकडे जर्मनचं पातेलं म्हणतात, तशी ही जर्मनची होडी.

आज ती पाण्यात आहे. मधल्या चार वर्षांची माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे, तिच्यावर खडूची धूळ आणि प्रायमरचे पिवळे डाग आहेत. ती पुन्हा वाचताना एक गोष्ट पानोपानी दिसते. या होडीला पाण्यानं फारसं काही केलेलं नव्हतं. तिचं जे वाटोळं झालं होतं ते आधीच्या माणसांनी तिला केलेल्या दुरुस्त्यांनी, आणि आमचं निम्मं काम त्या दुरुस्त्या उकलण्याचंच होतं.

पहिले चार महिने फक्त खरवडण्यात गेले. बुडाला डांबराचे तीन थर होते. डांबराखाली एम-सीलचे गोळे, आणि त्याखाली कुणीतरी लोखंडी नटबोल्टनं आवळलेली पत्र्याची ठिगळं. सिमेंट जिथं चिकटलं होतं तिथं पत्रा पांढरा पडून खडबडीत झाला होता. ओल्या सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियम खातो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ॲल्युमिनियम हवेत आलं की त्यावर आपोआप एक पातळ कडक थर धरतो आणि तोच त्याला सांभाळतो. आम्ल किंवा क्षार लागला की तो थर विरघळतो आणि धातू उघडा पडतो.

मागच्या फळीजवळचा एक बोल्ट मी अजून काचेच्या बरणीत ठेवला आहे. साधा लोखंडी, अर्ध्या इंचाचा. तो काढला तेव्हा त्याच्याभोवतीचा पत्रा बोटानं दाबताच पिठासारखा झाला. भोक होतं अर्ध्या इंचाचं, ते दीड इंचाचं निघालं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांमध्ये पाणी असलं की ती एक लहानशी बॅटरी होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. लोखंड त्यातल्या त्यात बरं, तांबं असेल तर ते आणखी वेगानं झिजतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. होडीच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. असे सव्वीस बोल्ट निघाले. त्यांतले कित्येक कुणीतरी मोठ्या काळजीनं, वायसर घालून, ग्रीस लावून बसवलेले होते. होडी टिकावी म्हणूनच त्या माणसानं ते केलं होतं, हे दिसत होतं, आणि त्यामुळे ते काढताना मला राग आला नाही.

मग बाकं उघडली. जुन्या ॲल्युमिनियमच्या होड्यांची बाकं पेटीसारखी बंद असतात आणि आत फोम भरलेला असतो, होडी पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून. आमच्या होडीतला फोम पिवळा पडून पाण्यानं जड झाला होता. पिळला की धार लागायची. फोम असताना होडीचं वजन ६८ किलो भरलं होतं, तो काढल्यावर ५७. म्हणजे जी वस्तू तिला तरंगवण्यासाठी होती ती पोटात पाणी धरून अकरा किलोंची झाली होती आणि तिला खाली ओढत होती.

त्या दिवशी मी वहीत एक गणित मांडलं. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड. ५७ किलोचा पत्रा पाण्याखाली गेला तर तो साधारण २१ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे २१ किलोचा भार पाणी उचलतं. उरलेले ३६ किलो उचलायला किमान ३६ लिटर फोम हवा. तिला धरून दोन माणसांनाही तरंगता यावं म्हणून आम्ही १२० लिटर भरला. थर्माकोल नाही घेतला, त्याच्या दाण्यांमध्ये पाणी शिरतं. शीतगृहांच्या भिंतींना वापरतात तो बंद पेशींचा फोम आणला आणि बाकांना खाली पाणी निथळायला भोकं ठेवली. हे सगळं पहिल्यांदाच जमून आलं, आणि चार वर्षांतलं बहुधा तेवढंच.

दुसरं वर्ष वेल्डिंगचं. पौडहून पुण्याकडे येताना पिरंगुटला कारखान्यांची रांग आहे, तिथं आर्गन मारून देणारे मिळतात. पहिल्या ठिकाणी घेऊन गेलो तर वेल्डरनं टॉर्च टेकवताच जोड फेसासारखा उकळला, काळी जाळी झाली. दोष त्याच्या हाताचा नव्हता. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा तो संरक्षक थर वितळायला दोन हजारांच्या वर जावं लागतं. त्यात पत्र्याच्या छिद्रांमध्ये शिरलेलं डांबर तापलं की त्याचा वायू होतो आणि जोडात बुडबुडे राहतात. दुसऱ्या वर्कशॉपमधल्या वयस्क कारागिरानं होडीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हिला आधी आंघोळ घाला. मग या." आम्ही तीन आठवडे पुसत होतो. थिनर, साबण, पुन्हा थिनर, मग स्टेनलेस स्टीलचा ब्रश. लोखंडी ब्रश चालत नाही, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पुन्हा तीच संगत सुरू होते. स्वच्छ झाल्यावर त्यानं एका दुपारात नऊ ठिगळं लावली. जोड नाण्यांच्या चवडीसारखे, एकावर एक सरकलेले.

बाकीचं रिवेटचं. रिवेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एकजण ठोकतो, आतून दुसरा वजनदार ठोकळा दाबून धरतो. ठोकळा म्हणून आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून रुळाचा एक तुकडा आणला. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथं असल्या वस्तू मिळतातच. ठोकळा धरायला माझा पुतण्या, तेव्हा नववीतला. रिवेट नीट बसला की हातोडीचा आवाज बदलतो, बद्द असतो तो टणक होतो. पहिल्या शंभर रिवेटांनंतर तो डोळे मिटून सांगायला लागला, "काका, अजून दोन." बंदुकीसारख्या अवजारानं एकट्यानं मारायचे पॉप रिवेट सोपे असतात, पण साध्या पॉप रिवेटमध्ये मधोमध भोक राहतं, तिथून पाणी झिरपतं. आमच्या आधी कुणीतरी तेच वापरले होते.

ही रिवेटांची विद्या विमानांची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बांधणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रुमन कंपनीत विल्यम हॉफमन नावाचे गृहस्थ होते. १९४४ मध्ये ते जड लाकडी कॅनू खांद्यावरून वाहत सहलीला गेले, तेव्हा त्यांना हलक्या धातूच्या कॅनूची कल्पना सुचली, आणि युद्ध संपता संपता कंपनी विमानांच्या पत्र्यातून कॅनू काढू लागली. वाहून नेण्याच्या त्रासातून ही होडी जन्मली, हे वाचलं तेव्हा मला काकांनी अकरा वर्षं ती मोडीत का काढली नव्हती ते उमगलं.

कारण मुळशीचा काठ एका जागी राहत नाही. तलावाचं बहुतांश पाणी पुण्याला येत नाही, बोगद्यातून कोकणात टाटांच्या भिऱ्याच्या वीजघराकडे उतरतं, १९२७ पासून. बंगालच्या उपसागराला जाणारी मुळा तिथून कुंडलिकेत पडते आणि अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यात भरलेला तलाव उन्हाळ्यात ओसरत जातो आणि मे महिन्यात आमच्या उतरणीपासून पाण्यापर्यंत चिखलाचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. लाकडी होडी तिथून कोण ओढणार? ५७ किलो चार माणसं उचलतात.

काकांचे आजोबा १९२१ च्या रामनवमीला या धरणाविरुद्धचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या गर्दीत होते, असं घरात सांगतात. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. लढा हरला. पन्नासच्या वर गावं आणि आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली गेली. काका हे सांगताना कधी आवाज चढवत नाहीत. पण होडी दुरुस्त करायचं मी काढलं तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता तो, "मधोमध जाईल का रं ती?"

२०२४ चा जुलै मी विसरणार नाही. होडी जवळपास तयार होती. अंगणात दोन लाकडी ओंडक्यांवर, तोंड वर करून ठेवलेली, आणि बुडातलं बुच मी लावून ठेवलेलं. गळती शोधायची जुनी रीत आहे, होडीत बाहेरून नाही तर आतून पाणी भरायचं आणि खालून थेंब पडेल तिथं खडूनं खूण करायची. मी तीन-चार इंच पाणी भरून पाहणार होतो. त्या आठवड्यात मला पुण्यातच राहावं लागलं आणि त्याच आठवड्यात ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. आमच्याकडे तेवढा नाही, पण होडी भरायला पुरेसा. हजार लिटरच्या वर पाणी, म्हणजे टनभर वजन, दोनच ओंडक्यांवर. परत आलो तेव्हा बुडाला मधोमध पोट आलं होतं. आतल्या दोन आडव्या पट्ट्या तडकल्या होत्या आणि तीस-पस्तीस रिवेट ढिले झाले होते.

बुच काढायला तीन सेकंद लागतात. मी काढलं नव्हतं. दोन दिवस मी अंगणात गेलो नाही. मग पुतण्यानंच मेण लावलेला खडू घेतला, भर पावसात होडीखाली आडवा झाला आणि सतरा ठिकाणी गोल काढले. पाणी अजून आत होतंच, वाया कशाला घालवायचं, असं त्याचं म्हणणं. त्या सतरा जागा आम्ही एरवी कधीच पकडल्या नसत्या. बूड उलटं करून, वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडीनं पोट बसवण्यात दिवाळी आली.

खरे बदल झाले ते त्यानंतर, आणि ते माझ्या डोक्यातले नव्हते. पलीकडच्या वाडीवरचे एक कातकरी मामा इतकी वर्षं ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातात दोन फळकुटं घेऊन जाळी टाकत आले होते. त्यांना होडी दाखवली. ते आत बसले नाहीत, काठावरून हात फिरवत एक चक्कर मारली आणि थांबत थांबत बोलले. मधलं बाक जाळं ओढताना आडवं येणार. काठाच्या प्रत्येक रिवेटच्या डोक्यात जाळ्याचा डोळा अडकणार. आणि वल्हं आपटलं की ही वाजणार, मासा पळणार.

तिन्ही गोष्टी आम्ही केल्या. मधलं बाक काढून ते मागं, वल्हवणाऱ्यासाठी सरकवलं, आणि मजबुती जाऊ नये म्हणून त्याच्या जागी बुडाशी आडवी पट्टी दिली. काठावर ठिबकचा जाड काळा पाईप उभा चिरून गच्च बसवला, आता जाळं लोण्यासारखं सरकतं. तळाला मरीन प्लाय आणि त्यावर गोठ्यात म्हशींखाली घालतात ती रबरी मॅट. प्लायचा स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी नायलॉनचं वायसर आहे. इंजिन लावलं नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या होडीची तपासणी आणि नोंदणी लागते, शिवाय मामांना आवाज नकोच होता. शिवणीच्या लाकडाची दोन वल्ही केली.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती पाण्यात गेली. नाळेवर नारळ काकूंनी फोडला. काका पुढं बसले, मामा वल्ह्यावर, मी मागं, हातात प्लास्टिकचा टमरेल. टमरेल लागला नाही. मध्यावर गेल्यावर काकांनी दगड बांधलेली दोरी सोडायला सांगितली. डोंगराची एक खिंड आणि अलीकडच्या काठावरचं एक झाड एका रेषेत आलं की खाली आपली खाचरं, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. दोरी बरीच गेली. दगड टेकल्यावर काकांनी ती बोटाला गुंडाळून जरा वेळ धरून ठेवली, मग वर ओढून घेतली. टोकाला काळा गाळ होता. त्यांनी तो पाण्यात खळबळून धुतला.

आता होडी बहुतेक रात्री मामांकडे असते. कटला, मृगळ, कधी वाम. महाशीर क्वचितच. टाटांच्या वळवणच्या केंद्रात महाशीराची पैदास करून ती पिल्लं तलावांत सोडतात हे मामांना ठाऊक आहे, आणि जाळ्यात लहान सापडलं तर ते परत सोडतात.

परवा सकाळी होडी उलटी घातलेली पाहिली. नाळेच्या डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या रिवेटभोवती कोळशानं एक गोल काढलेला होता. पुतण्या खडू वापरतो, मी पेन्सिल. मामांना विचारलं तर म्हणाले, "रात्रीतून वाटीभर येतंय तिथनं, दादा. मे महिन्यात बघू."