खडकीच्या पुलांवर शिका सिव्हिल!

सिव्हिलच्या पहिल्या वर्षाला असाल तर एखादा रविवार खडकीसाठी राखून ठेवा. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-पलटणींचं केंद्र इथंच आहे. मुळा ओलांडली की दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंग, जे 1948 मध्ये रुडकीहून इकडे आलं. पुस्तकातल्या बऱ्याच व्याख्या या टापूत उघड्यावर दिसतात.

स्लॅबचं वजन किती? आरसीसीचा एक घनमीटर म्हणजे अडीच टन. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब जवळपास तीन टनांचा भरतो. त्यावर अजून माणूस नाही, कपाट नाही, पाण्याची टाकी नाही. हा झाला डेड लोड, आणि इमारत जन्मभर तो पेलत असते.

वारी म्हणजे लाइव्ह लोड, येणारा-जाणारा भार. राहत्या घराच्या फरशीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. पुलावरच्या पादचारी मार्गाला रस्ते-पुलांच्या भारतीय नियमावलीत 400 किलो, आणि जत्रा-यात्रांची दाट गर्दी होत असेल तर 500 किलो. तुकोबांची पालखी दापोडीकडून पुण्यात येते, तेव्हा मुळेवरच्या हॅरिस पुलावर पाय ठेवायला जागा नसते. नियमावलीतला तो जादा आकडा अशाच दिवसासाठी आहे.

दगड ओढला की तुटतो, दाबला की टिकतो. म्हणून जुन्या पुलांना कमानी. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि सगळा भार दाबाच्या रूपात खांबांपर्यंत उतरतो. काँक्रीटचा स्वभावही दगडासारखाच, पण त्याच्या पोटात सळई घातली की ताण ती घेते. खोलीवरच्या साध्या स्लॅबच्या मध्यावर मुख्य सळया खालच्या बाजूला का, याचं उत्तर हेच: वाकताना खालची बाजू ताणली जाते.

दहा फुटांचं पोलादी कोडं. माझा सगळ्यात लाडका पूल म्हणजे बेली ब्रिज. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने तो रचला. एक पॅनेल दहा फूट लांब, वजन सुमारे 260 किलो, सहा जवान हातांनी उचलतात. पॅनेलला पॅनेल पिनांनी जोडायचं. भार जास्त असेल तर शेजारी दुसरी रांग, नाहीतर वर दुसरा मजला. आतले तिरके दांडे नीट पाहा: सगळीकडे त्रिकोण. चौकोन रेटला की कलतो. त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही.

नदीत एकही टेकू न लावता हा पूल पलीकडे जातो कसा? काठावर रोलर ठेवतात, पुढे हलक्या सांगाड्याचं नाक जोडतात आणि अख्खा पूल ढकलत नेतात. नाक पलीकडे टेकेपर्यंत गुरुत्वमध्य रोलरच्या मागेच राहिला पाहिजे, नाहीतर पूल नदीत. परीक्षेतलं मोमेंटचं गणित इथं जवानांच्या खांद्यावर असतं.

मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर 29 सप्टेंबर 2017 च्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. त्यानंतर नवा पादचारी पूल उभारायला आले ते खडकीचे बॉम्बे सॅपर्स. बेली पद्धतीचा तो पूल 27 फेब्रुवारी 2018 ला खुला झाला.

पुलावर कदम मोडा! 1831 मध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन झुलत्या पुलावरून 74 सैनिक तालात चालले आणि पूल कोसळला. तेव्हापासून पूल ओलांडताना सैनिकांना पावलांची लय मोडायला सांगतात. साध्या चालीतही माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो. ती लय पुलाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली तर हेलकावे वाढत जातात. लंडनचा मिलेनियम ब्रिज 2000 साली लोकांच्या चालण्यानेच डुलू लागला आणि उद्घाटनानंतर दोन दिवसांत बंद करावा लागला.

ठोकळ्याची ताकद. एम-25 काँक्रीटमधला 25 म्हणजे काय? 15 सेंटीमीटरचा ठोकळा 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन दाब सोसणार, म्हणजे एकूण सुमारे 57 टन! पण पाणी मारायला टाळाटाळ केली तर ही ताकद येत नाही. साइटवरचं ओलं गोणपाट सिमेंटइतकंच मोलाचं आहे.

उन्हात पूल लांबतो. 30 मीटरचा गर्डर 30 अंशांच्या फरकाने साधारण एक सेंटीमीटर वाढतो. फ्लायओव्हरवर चाकाखाली ‘धडक्-धडक्’ वाजतात, ते यासाठी सोडलेले सांधे. पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, हे आपलं भाग्य. नाहीतर आरसीसी शक्यच नव्हतं.

लष्करी पुलावर पिवळ्या गोल पाटीवर एक आकडा असतो: कोणत्या भार-वर्गापर्यंतचं वाहन चालेल, तो. भाराची मर्यादा साध्या पुलालाही असते. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघे गेले. म्हणून पुलावर भाराची किंवा धोक्याची पाटी दिसली तर ती वाचा, पाळा, आणि सोबतच्यांनाही थांबवा. सिव्हिलचे विद्यार्थी असाल, तर हे सांगण्याचा पहिला मान तुमचा.