वाट चुकलेला सुळा

दुधाचे वीस दात पडून पक्के दात येण्याचा काळ साधारणपणे सहाव्या वर्षापासून बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंतचा असतो, आणि दात चुकीच्या जागी उगवण्याचे बरेचसे प्रकार याच काळात घडतात किंवा टाळता येतात. जबड्यात जागा अपुरी असणे, दुधाचा दात वेळेवर न पडणे किंवा किडीमुळे तो लवकर काढावा लागणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. दुधाची दाढ अकाली गेली की मागची दाढ पुढे सरकते आणि नंतर येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. म्हणून ‘दुधाचाच दात, पडणारच’ ही घरोघरची समजूत महागात पडते.

सर्वांत लांबचा प्रवास वरच्या सुळ्याला करावा लागतो. नाकपुडीलगतच्या हाडात तयार झालेला हा दात अकराव्या-बाराव्या वर्षी उगवतो, तोवर शेजाऱ्यांनी जागा धरलेली असते. मग तो हिरडीत उंचावर बाहेर पडतो, नाहीतर टाळूकडे वळून हाडातच अडकतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या ओठाखाली, दुधाच्या सुळ्याच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवले तर येऊ घातलेल्या सुळ्याचा उंचवटा सहसा हाताला लागतो. दहा वर्षांनंतरही तो एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला लागला नाही, तर एक्स-रे काढून घेणे आवश्यक ठरते. स्वीडनमधील एरिकसन आणि कुरोल या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की टाळूकडे वळू लागलेल्या ४६ सुळ्यांपैकी ७८ टक्के सुळे केवळ दुधाचा सुळा वेळीच काढल्याने योग्य मार्गाला लागले.

ही वेळ टळली तर उपचार लांबतो. हिरडी उघडून अडकलेल्या दातावर छोटे बटण चिकटवतात, त्याला बारीक साखळी जोडतात आणि इतर दातांवरील ब्रॅकेटमधून ओवलेल्या तारेच्या आधाराने तो हळूहळू ओढून घेतात. दाब पडलेल्या बाजूचे हाड झिजते व मागे नवे हाड भरते, म्हणूनच दात हलतो. मात्र ही गती महिन्याला सुमारे एक मिलिमीटर असल्याने उपचाराला दीड-दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो, दर चार-सहा आठवड्यांनी तार तपासावी लागते आणि शेवटी दात मागे फिरू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो.

शहरात हे जमून जाते. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरणाच्या परिसरात, जिथे महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत, तिथे हे फार अवघड आहे. संगमनेर व लोणी येथील दंत महाविद्यालये प्रवरेच्या खोऱ्यात बऱ्याच खाली आहेत. प्रत्येक खेपेला पालकाची दिवसाची मजुरी बुडते, आणि सह्याद्रीच्या पावसात तर प्रवासच बेभरवशाचा होतो. अर्धवट सोडलेला तारेचा उपचार न केलेल्या उपचारापेक्षा वाईट ठरू शकतो, कारण तारेभोवती अन्न अडकून दात किडतात.

म्हणून अशा भागात खरा भर वेळीच ओळखण्यावर हवा. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळांमध्ये येतात आणि दातांची कीडही पाहतात. त्याच तपासणीत चौथी-पाचवीच्या मुलांच्या वरच्या हिरडीवरून एकदा बोट फिरवले जावे, आणि आश्रमशाळांच्या शिक्षकांनी व पालकांनी तसा आग्रह धरावा.