सायकलीची वाट

मंडळी, सायकल आपल्याला नवी नाही. जालन्याचा मोंढा असो की अंबडचा बाजार, एखादी तरी सायकल भिंतीला टेकलेली दिसतेच. एके काळी दूधवाला, पोस्टमन, मास्तर, सगळे सायकलवरच फिरत. आता घरोघर फटफटी आली. तरी सायकलीचे दिवस सरले, असे म्हणू नका. सकाळी हायस्कुलाच्या रस्त्यावर जरा उभे राहून बघा. पाठीला दप्तर अडकवून पोरी सायकली हाणीत जाताना दिसतील.

ही सायकल म्हणजे त्या पोरींची शाळाच आहे. कशी, ते सांगतो.

पुष्कळ गावांत शाळा सातवीपर्यंतच असते. पुढे शिकायचे तर शेजारच्या मोठ्या गावी जावे लागते. समजा, ते गाव ४ किलोमीटरवर आहे. पायी जायला एक तास. यायला एक तास. दोन तास रस्त्यातच गेले. घरी आल्यावर पाणी भरायचे, शेरडं बघायची, भाकरी थापायची. मग अभ्यास कधी करायचा? शेवटी बाप म्हणतो, "पुरं झालं आता शिकणं." शाळा सुटते आणि लग्नाचे बोलणे सुरू होते.

तोच रस्ता सायकलवर वीस मिनिटांत संपतो. दिवसाकाठी सव्वा तासाहून जास्त वेळ वाचतो. एवढ्या वेळात एक धडा वाचून होतो.

म्हणूनच सरकारने मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. जालना जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. आठवी ते बारावीत शिकणारी, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणारी गरजू मुलगी असेल, तिच्यासाठी ही मदत आहे. पूर्वी ३,५०० रुपये मिळत. २०२२ साली ते ५,००० केले. तुमची मुलगी त्यात बसते का, ते शाळेच्या हेडमास्तरांना विचारा. विचारायला लाजू नका.

आता सायकल इतकी भरभर का जाते, ते पाहू. तिला ना इंजिन, ना पेट्रोल. जोर आपल्याच पायांचा. पुढे पायडलजवळ मोठी चकती असते. साध्या सायकलीत तिला साधारण ४४ दाते असतात. मागच्या फ्रीव्हीलला साधारण १८. दोन्हींवरून एकच चेन फिरते. त्यामुळे पायडल एकदा फिरले, की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सायकल ५ मीटरांहून पुढे जाते. पायी दोन पावले टाकली तर आपण दीड मीटरच्या आसपास सरकतो. शिवाय अंगाचा भार सीटवर असतो, तो पायांना उचलावा लागत नाही.

इथपर्यंत सगळे बरे झाले. पण आयाबाया आम्हाला म्हणतात, "सायकल दिली हो, पण रस्त्यावर पोरगी सोडायची कशी? उसाच्या ट्रॉल्या येतात, ट्रक येतात. जीव टांगणीला लागतो."

ही भीती खोटी नाही. आपल्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. पुढे फटफट्या आणि मोटारी वाढल्या. सायकलीला रस्त्यावर जागा उरली नाही. लोकांनी सायकल सोडून दिली.

पण जगात एक देश असाही आहे, जिथे सायकल मागे पडता पडता पुन्हा पुढे आली. त्याचे नाव नेदरलँड. जुनी माणसे त्याला हॉलंड म्हणत. तिथे माणसे सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटींहून जास्त! पोरे शाळेत सायकलने जातात, म्हातारी माणसे बाजारहाट सायकलने करतात. मार्क रुटे हे २०१० ते २०२४ पर्यंत तिथले पंतप्रधान होते. ते पुष्कळदा कचेरीत सायकलने जात. उत्रेख्त नावाच्या शहरात रेल्वे स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची जागा आहे.

तुम्ही म्हणाल, "तो देश श्रीमंत, जमीन सपाट. त्यांचं काय घेऊन बसलात?" खरे आहे. पण तिथेही हे आपोआप झाले नाही. तिकडेही मोटारी वाढल्या. १९७१ साली रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसे गेली. त्यांत ४०० हून जास्त लहान मुले होती. आईबाप खवळून उठले. त्यांनी १९७३ साली चळवळ उभी केली. तिचे नावच होते, "बालहत्या थांबवा". लोक रस्त्यावर उतरले. त्याच साली तेलाची टंचाई आली. काही रविवारी मोटारींना बंदी झाली. रिकाम्या रस्त्यांवर पोरे खेळली, सायकली फिरल्या. रस्ता फक्त मोटारींचाच नाही, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसले.

पुढे सरकारने सायकलीसाठी वेगळ्या वाटा बांधल्या. गल्ल्यांतून मोटारींचा वेग कमी केला. शाळेतल्या मुलांची रस्त्यावर सायकल चालवण्याची परीक्षासुद्धा होते. २०२३ साली तिथे रस्त्यांवर दगावलेल्यांचा आकडा ७०० च्या आत होता. तिथल्या आईबापांनी गाऱ्हाणे घातले, नेट धरला, म्हणून हे झाले.

तेवढा पैसा आपल्याकडे नाही. पण काही गोष्टी पैशाविना होतात. सायकल नेहमी डाव्या बाजूने चालवावी. गप्पा मारीत तिघीतिघींनी ओळ धरू नये, एकीमागे एक जावे. वळण्याआधी हात दाखवावा. मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी, म्हणजे अंधारात गाडीवाल्याला दिसते. दोन्ही ब्रेक रोज तपासावेत. चेनला अधूनमधून तेल द्यावे. हवा कमी असेल तर टायर लवकर झिजतो आणि पोरीचा दमही लवकर निघतो.

आमच्या वर्गातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांच्या मुलीला सायकल मिळाली. एके दिवशी बाभळीचा काटा घुसला, पंक्चर झाले. वडील म्हणाले, "बाजाराच्या दिवशी बघू." बाजार आला, गेला. पुन्हा आला, गेला. सायकल गोठ्यात पडून राहिली. पोरगीही घरी बसली. दहा दिवस शाळा बुडाली. पंक्चर काढायला किती पैसे लागतात? दोन-चार चहांचे. तेवढ्यासाठी दहा दिवस गेले! मावशी म्हणाल्या, "काटा ट्यूबला लागला नाही बाई, माझ्या पोरीच्या शिक्षणाला लागला."

मग त्यांनी काय केले? शाळेत एक पंप आणि पंक्चरचे सामान ठेवावे, आणि शाळेच्या वाटेवरची बाभळीची झुडपे तोडावीत, असा अर्ज ग्रामसभेला दिला. अर्ज कुणाकडून लिहून घेतला नाही. स्वतः लिहिला. चार ओळींचाच होता. खाली अंगठा नव्हता, सही होती.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तिथे बोलायचा हक्क जसा सरपंचाला, तसा तुम्हालाही आहे. तुमच्या शाळेच्या वाटेवर खड्डा असेल, काटे असतील, वळणावर गाड्या जोरात येत असतील, तर कागद घ्या. तारीख घाला. गावाचे नाव घाला. काय हवे ते सरळ लिहा. खाली सही करा.

तुम्हाला आता लिहिता येते. त्या लिहिण्याचा पहिला उपयोग पोरीच्या वाटेसाठी होऊ द्या.