धार जपानची, ओटा सांगलीचा

मिरजेच्या सतारीचं मूळ तलवारीत आहे. शिकलगार म्हणजे हत्यारं घासून, पाजळून, धार लावून देणारे कारागीर. इंग्रजी अमलात तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली. त्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता जपानकडे या. १८७६ मध्ये तिथं हुकूम निघाला, की कमरेला तलवार लावून फिरायचं नाही. तलवारी घडवणारे कितीतरी लोहार मग सुऱ्या, कात्र्या आणि शेतीच्या अवजारांकडे वळले. गिफू प्रांतातलं सेकी हे एके काळी तलवारींचं गाव, आज सुऱ्या-कात्र्यांचं. संकट एकाच जातीचं. मिरजेत त्यातून सूर निघाला, सेकीत सुरी!

एका सुरीला किती हात? ओसाकाजवळच्या साकाईत सोळाव्या शतकापासून तंबाखू चिरायच्या सुऱ्या बनत. आजही तिथं एक कारागीर पातं घडवतो, दुसरा धार काढतो, मूठ तिसराच बसवतो. म्हणून साकाईची सुरी घेताना घडवणाऱ्याइतकीच धार काढणाऱ्याचीही चौकशी करा. पातं कसं चिरणार, हे बरंचसं त्याच्या हातावर ठरतं.

मग आपल्या स्वयंपाकघरासाठी जपानी सुरी घ्यायची कोणती? मेथी, कोबी, वांगी, कांदा हाच रोजचा कारभार असेल, तर माझं मत सरळ नाकिरीला. पातं आयताकृती, धार जवळजवळ सरळ, लांबी साधारण १६५ मिलिमीटर. तिची धार अख्खीच्या अख्खी पाटाला टेकते, त्यामुळे मेथीची जुडी चिरली की खाली एकमेकींना चिकटलेल्या काड्यांची माळ राहत नाही. घरात भाजीबरोबर मासे आणि बिनहाडाचं चिकनही असेल, तर सांतोकू. ती विसाव्या शतकात जपानी घरांसाठीच घडली, मांस, मासे, भाजी या तिन्हींना चालेल अशी. मोठ्या कुटुंबाचा रगाडा असेल आणि हात सरावलेला असेल, तर २१० मिलिमीटरची ग्युतो. यानागिबा आणि देबा या मासळीच्या सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते. दिसायला देखण्या, पण रोजच्या पिठलं-भाकरीच्या घरात त्यांना काम नाही. डावखुऱ्यांनी तर आधी विचारून घ्यावं: एका बाजूच्या धारेची सुरी आणि इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची मूठ, दोन्ही बहुधा उजव्या हातासाठी बेतलेल्या असतात.

पांढरा कागद, निळा कागद. शिरोगामी आणि आओगामी ही जपानी कार्बन पोलादाची दोन गाजलेली नावं. पोलाद ना पांढरं असतं, ना निळं; कारखान्यात ज्या रंगाच्या कागदात ते गुंडाळलं जाई, तोच रंग नावात उतरला. पांढऱ्यात भेसळ अगदी कमी, म्हणून धार झटकन लागते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम घातलेलं, म्हणून ती जास्त टिकते. दोन्ही गंजतात. लिंबू, कैरी, टोमॅटो चिरून तसंच ठेवलं की पातं काळवंडतं. ज्या घरात लोखंडी विळी नांदली, तिथं हे कुणाला सांगायला नको. काळपट-निळसर छटा चालेल, तांबूस गंज नको. चिरून झालं की धुवायचं, लगेच कोरडं पुसायचं. जपानात पात्याला कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात. आपल्याकडे खोबरेलाचा थेंब पुरे. एवढी काळजी घेणं जमणार नसेल, तर व्हीजी-१० सारखं गंजरोधक पोलाद घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

पात्यावरच्या लाटालाटांच्या नक्षीला दुकानात ‘दमास्कस’ म्हणतात. ते नाव ज्या तलवारींमुळे गाजलं, त्यांचं पोलाद म्हणजे वुट्झ, दक्षिण भारतातून पश्चिम आशियाकडे जात असे. आजच्या सुरीवरची नक्षी मात्र निरनिराळ्या पोलादांचे थर जोडून काढलेली असते, आणि चिरायचं काम करते ती मधली एकच पट्टी. नक्षी आवडली तर खुशाल घ्या, पण धारेसाठी जास्तीचे पैसे मोजताय असं समजू नका.

जपानी सुरीपासून लांब ठेवा: गुळाची ढेप, सुपारी, नारळ, मटणाची नळी, फ्रीजरमधून काढलेला गोठलेला गोळा. कऱ्हाड-सांगलीच्या पट्ट्यात पहिल्या वस्तूचा मोह मोठा! जपानी पातं जर्मन पात्यापेक्षा कडक. रॉकवेल मापावर साठीच्या पुढे, जर्मन सुरी छप्पन-अठ्ठावन्नच्या आसपास. धारेचा कोनही एका बाजूला साधारण १५ अंश, जुन्या युरोपी सुरीचा वीसच्या घरात. कडक आणि पातळ असल्यामुळे ती कांद्यातून अलगद उतरते, आणि त्याच कारणाने ढेपेवर कपची उडते. लोणच्याच्या कैरीला अडकित्ता आहेच, त्याला निवृत्त करू नका.

ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचं ताट हेही धारेचे वैरीच. खाली लाकडी पाट हवा. मूठ साध्या पांढऱ्या लाकडाची असेल तर हळदीच्या हातांनी ती पिवळी पडणार, आणि आपली हळद तर सांगलीची, २०१८ पासून मानांकनवाली! डाग पडला तरी कामात फरक पडत नाही.

धारवाल्याकडे नको. सायकलवर चाक फिरवणारा धारवाला विळीला, कोयत्याला उत्तम. जपानी पात्यावर मात्र कोरडं चाक फिरलं की ठिणग्या उडतात, कड तापते आणि लोहाराने दिलेलं पाणी उतरतं. हिला पाण्यात भिजवलेला दगड लागतो: रोजच्या धारेसाठी १००० नंबरचा, वर हात फिरवायला ३००० किंवा त्याहून बारीक. कोन न हलवता सावकाश ओढायचं. दगड सुरीबरोबरच विकत घ्या, नंतर बघू म्हटलं की राहतं.

पात्याशी या मुलुखाचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या मालात लोखंडी नांगराच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र होतं, आणि १९१० मध्ये त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्याच वाडीत पुढे जपानच्या एबारा कंपनीच्या भागीदारीत पंप बनू लागले, म्हणजे सांगली जिल्ह्यात जपानी कारागिरी आधीच रुळलेली आहे. आणि जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा मूठभर पोलाद बघायला माणसं आवर्जून गेली.

जपानातून कुणी नातलग सुरी आणणार असेल, तर त्याला आधीच बजावा: ती विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही. मोठ्या बॅगेत, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चेक-इनला.